लगेच रुजू होऊ शकाल का?

जगातल्या शाळांची पहिली घंटा एकाच वेळी होत नाही. जपानात एप्रिल, थायलंडमध्ये मे, आपल्याकडे जून, अमेरिकेत ऑगस्ट, इंग्लंडात सप्टेंबर, आणि ऑस्ट्रेलियात जानेवारी संपता संपता, कारण तिकडचा डिसेंबर म्हणजे आपला मे. हे सगळं आमच्या भूगोलाच्या सरांनी बोटांवर मोजून दाखवलं आणि म्हणाले, "गणिताच्या मास्तरानं परदेशात अर्ज करायला काळवेळ कसली बघायची? कधीही टाका, कुठे तरी लागेल."

भूगोल म्हणून हे बिनचूक आहे. पण भूगोलात एमईपीएस, म्हणजे महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांची सेवाशर्तींची नियमावली, नसते. 1981 ची ही नियमावली सांगते की खाजगी शाळेतल्या कायम शिक्षकाला नोकरी सोडायची असेल, तर त्यानं तीन महिन्यांची नोटीस द्यावी. पृथ्वीवर कुठेही, कधीही शाळा भरू दे, माझी सुटका तिथून तीन महिने अलीकडे अडकलेली असते.

दुबईतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मुंबईच्या हॉटेलात मुलाखत झाली. बाई फार प्रेमळ होत्या. त्रिकोणमिती विचारली, वर्गात दंगा झाला तर काय कराल विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, "लगेच रुजू होऊ शकाल का?" फेब्रुवारीत तीन महिने मिळवले की मे येतो. ही बेरीज त्यांनी केली, मीही केली. उत्तर जुळलं आणि मी घरी आलो.

या जाहिरातींत दोन वाक्यं नेहमी मांडीला मांडी लावून बसलेली असतात: 'सध्या सेवेत असलेल्यांना प्राधान्य' आणि 'तात्काळ रुजू होणाऱ्यांना प्राधान्य'. सेवेतही आहे आणि उद्या निघूही शकतो, असा शिक्षक महाराष्ट्रात एकाच प्रकारचा असतो: ज्याला संस्था घालवायलाच बसलीय.

कागदांचं तर विचारूच नका. यूएईसाठी पदवीवर आधी विद्यापीठाची खातरजमा, मग राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्यांच्या वकिलातीचा, आणि तिकडे उतरल्यावर त्यांच्या मंत्रालयाचा. ओमानला अपोस्टिल हा एकच आंतरराष्ट्रीय शिक्का चालतो, यूएईला चालत नाही. म्हणजे कागद करायच्या आधी नोकरी कुठे लागणार हे ठाऊक हवं, आणि नोकरी लागायला कागद तयार हवेत.

मग मी इंग्लंडकडे वळलो. फेब्रुवारी 2023 पासून त्यांनी भारत धरून आणखी नऊ देशांतल्या शिक्षकांना क्यूटीएस ही त्यांची अर्हता मागायची वाट उघडली. तीही सरसकट नाही. गणित, विज्ञान आणि भाषा, तेही अकरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी. यादीत भूगोल नाही हे कळल्यावर आमच्या सरांना इंग्लंडची हवा अचानक दमट वाटायला लागली.

तिथले शिक्षक राजीनामासुद्धा वेळापत्रक बघून देतात. 31 ऑक्टोबरपर्यंत दिला तर नाताळात मोकळे, फेब्रुवारीअखेर दिला तर ईस्टरला, 31 मेपर्यंत दिला तर उन्हाळी सत्राच्या शेवटी. त्यामुळे कुठली जागा कधी रिकामी होणार हे मुख्याध्यापकांना आधी कळतं आणि जाहिराती त्याच्या मागेपुढे धो धो येतात. मला हे भारीच सभ्य वाटलं. आपल्याकडे जागा रिकामी आहे की नाही, हे रिकाम्या खुर्चीकडे बघून कळत नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक याची सरकारी मंजुरी, यावी लागते.

पण तिथं मुलाखतीच्या आधीच सध्याच्या मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र मागवतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. फक्त याचा अर्थ असा की, तिकडून बोलावणं यायच्या आत इकडे बोभाटा होतो. मी सावधपणे अनुभव प्रमाणपत्रापासून सुरुवात केली.

"कशाला हवंय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"असू द्यावं संग्रही."

"शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही संग्रहीच?"

दुपारच्या सुट्टीत शिपाईमामा म्हणाले, "सर, तिकडं थंडी लई असती म्हणं." प्रमाणपत्र जिल्हा परिषदेतून परत यायच्या आत नववी 'ब'ला कळलं. एका मुलीनं भर तासाला उभं राहून विचारलं, "सर, मग आम्हाला दहावीला कोण?" भूमितीत मला इतका अवघड प्रश्न आजवर कुणी घातला नव्हता. मी फळा पुसला आणि नवं प्रमेय घेतलं.

इंग्लंडच्या अर्जात आणखी एक मेख असते: नोकरीत कुठे खंड पडला असेल तर तो का पडला ते लिहा. माझी सुरुवातीची वर्षं विनाअनुदानित शाळेत गेली. खंड नोकरीत नव्हता, पगारात होता. हे साहेबाला कसं कळवायचं यावर आमच्या इंग्रजीच्या बाईंनी बरेच ऑफ तास घालवले. शेवटी त्यांनी जे लिहिलं ते वाचून मी कुठल्या तरी धर्मादाय संस्थेत होतो असं वाटतं, आणि त्यात खोटं काहीच नाही.

बाकी कागदांची आंब्यासारखी अढीच लावावी लागते. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दोन वर्षं टिकते, टीबीच्या तपासणीचा दाखला सहा महिने, आणि शाळेनं स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र दिलं की व्हिसाचा अर्ज तीन महिन्यांच्या आत. सगळे एकाच दिवशी पिकलेले हवेत.

एप्रिलमध्ये एका शाळेनं ऑनलाइन मुलाखत घेतली. आवडलं म्हणाले. मग तोच प्रश्न, जरा मऊ करून: "एक सप्टेंबरला रुजू होऊ शकाल ना?" मी मनात वजाबाकी केली. एक सप्टेंबर वजा तीन महिने, म्हणजे 31 मेच्या आत नोटीस. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कॅलेंडर आणि आमची नियमावली एका रेषेत आली होती. मी ठणकावून "हो" म्हणालो.

आईनं पंचांग उघडलं. यंदा, 2026 ला, अधिक ज्येष्ठ. 17 मे ते 15 जून.

"धोंड्याच्या महिन्यात कुणी नवं काम धरतं का?"

"नवं धरत नाहीये, आई. जुनं सोडतोय."

"त्याला तर बारा महिने मुहूर्त नसतो." मग चष्मा पुसून पुढचं पान. "आणि चौदा सप्टेंबरला गणपती आहेत. त्यांना कळव, गणपती करून येतो. शाळा कुठे पळून चाललीय?"

सासरेबुवा मात्र खुशीत होते. जावई विलायतेला निघाला म्हणून अधिक महिन्याचं वाण त्यांनी चांदीचं केलं होतं. ही म्हणाली, "अहो, आता जायलाच हवं. नाहीतर बाबा परत मागतील."

मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, "जनगणनेला तुमचं नाव दिलंय. तरी देतच असाल तर द्या, पण आवक क्रमांक पडल्याशिवाय नोटीस सुरू होत नाही." शाळेला सुट्टी. आवकचं रजिस्टर क्लार्कभाऊंच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला. अधिकात लग्नं नसतात, तेव्हा भाऊ गावातच सापडणार, असा माझा हिशेब होता. पण अधिकात पंढरपूर असतं. फोन लावला तर मागे टाळ वाजत होते.

"भाऊ, राजीनामा द्यायचाय. एकतीसच्या आत नोंद हवी."

"फोटो पाठवा सर, पांडुरंगाच्या पायावर ठेवतो. नोंद मात्र पंधरा जूनला, शाळा उघडली की."

मी फोन ठेवला आणि पुन्हा बेरीज मांडली. पंधरा जून अधिक तीन महिने, पंधरा सप्टेंबर. इंग्लंडला काय कळवायचं, या विचारात डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात आईनं माझ्या कागदात डोकावून बघितलं.

"मग झालं की! दीड दिवसाचे होतात."