दहावीचे वर्ष आणि मैदान

दहावीच्या मुलांना खेळ आणि स्नेहसंमेलन यांपासून वर्षभर दूर ठेवावे, कारण लहान गावातील शाळेत या गोष्टींचा निकालाला काहीच उपयोग होत नाही, हे एका लेखातील विधान मला अजिबात पटले नाही. राज्य मंडळ खेळ, एनसीसी आणि स्काऊट-गाईडसाठी सवलतीचे गुण देते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली तर ७ गुण मिळतात. मात्र त्यासाठीचा प्रस्ताव शाळेने मुदतीत पाठवावा लागतो आणि अनेक मुलांचे नुकसान नेमके तिथेच होते. लेखात याचा उल्लेख हवा होता.

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या शाळेत १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाची तयारी दहावीचाच वर्ग करतो. आदल्या संध्याकाळी मुली फक्कीने मैदान आखतात, आणि एरवी त्याच मैदानावर खो-खोच्या सरावात पाचवी-सहावीच्या मुलींना खांबाला वळसा कसा घ्यायचा, हे त्याच शिकवतात. ज्या घरांत दहावीनंतर मुलीच्या लग्नाची घाई सुरू होते, तिथल्या मुलीला स्पर्धेच्या निमित्ताने बाहेरगावी जाण्याची ही बहुधा एकमेव संधी असते. अभ्यासाचे कारण सांगून ती तरी तिच्याकडून काढून घेऊ नये, अशी शिक्षक म्हणून माझी पालकांना कळकळीची विनंती आहे.