वजन घेतलं, मग पुढे काय?

दर महिन्याला अंगणवाडीत आपल्या गावातल्या मुलांचं वजन आणि उंची घेतली जाते, मोबाइलवर भरली जाते. एकेका मुलाच्या नावानिशी, महिन्याच्या महिन्याला इतकी माहिती सरकारकडे दुसऱ्या कुठल्या विषयाची क्वचितच असेल. आणि तरीही भर पावसात एखाद्या कातकरवाडीवर मूल दगावलं की सगळे म्हणतात, अचानक झालं. बहुतेक वेळा ते अचानक नसतं. त्याआधी महिनोनमहिने त्या मुलाचं वजन जागचं हललेलं नसतं, आणि तसं लिहिलेलंही असतं.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सुट्यांमध्ये अलिबाग, रोहा भागातल्या काही वाड्यांवर अंगणवाडीताईंसोबत नोंदी तपासायला जाते. हे सगळं पाहून माझं एक ठाम मत झालं आहे: आकडा ज्या वाडीवर घेतला, तिथेच आणि त्याच महिन्यात त्यावर निर्णय झाला पाहिजे. आज तो बीटकडून (काही अंगणवाड्यांचा गट) प्रकल्पाकडे (बालविकासची कचेरी), प्रकल्पाकडून जिल्ह्याकडे, तिथून मंत्रालयात जातो. खाली परत येताना फक्त "टक्केवारी का वाढली?" हा प्रश्न येतो.

आधी मोठे आकडे. एनएफएचएस-5, म्हणजे पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, याचं महाराष्ट्रातलं काम 2019 मध्ये झालं, म्हणजे कोविडच्या आधी. त्यात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी (वयाच्या मानाने उंची कमी), 25.6 टक्के लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) आणि 10.9 टक्के तीव्र लुकडी निघाली. देशाचे आकडे खुजी 35.5 आणि लुकडी 19.3. आपलं राज्य श्रीमंत म्हणवतं आणि दर चार मुलांमागे एक मूल उंचीच्या मानाने वाळलेलं. आता पोषण ट्रॅकर बघा, म्हणजे अंगणवाडीत ज्यावर नोंदी भरतात ते सरकारी ॲप. 2021 पासून देशभर हेच ॲप आहे. 2024 मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरांत ट्रॅकरवरची देशातली खुजी मुलं 35 टक्क्यांच्या घरात होती, लुकडी मात्र 6 टक्क्यांच्या आसपास. खुजेपणा जुळतो आणि लुकडेपणा तिपटीने कमी होतो, हे कसं? दोन्हीकडची मुलं तीच नाहीत, वर्षं वेगळी, ऋतू वेगळे, हे मान्य. पण एवढा फरक त्यातून निघत नाही.

एक कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाटी, एका टोकाला डोकं टेकवायचं, दुसऱ्या टोकाची सरकती फळी तळपायाला लावायची. याला दोन माणसं लागतात: एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ ठेवायचे. एका वाडीवर मदतनीसाची जागा बरेच महिने रिकामी होती. ताई एकटीच. मूल रडतंय, पाय झाडतंय, आई म्हणतेय "सोड गो त्याला, दमलाय". गुडघा वाकलेलाच राहिला आणि फळी तिथेच टेकली. गेला दीड सेंटिमीटर. वरून बघणाऱ्याला वाटेल, दीड सेंटिमीटरने काय होतंय?

होतं काय ते बघा. मुलगा खरा 70 सेंटिमीटर लांब आहे आणि वजन 6.5 किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 70 सेंटिमीटरच्या मुलग्याची तीव्र कुपोषणाची रेषा 6.6 किलोवर आहे, म्हणजे हा मुलगा सॅम, तीव्र कुपोषित. त्याचीच लांबी 68.5 लिहिली तर रेषा 6.4 वर येते आणि तोच मुलगा मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित, होतो. वजन तेच, हाडं तीच, पण यादीतून नाव गेलं. गुडघा वाकला की मूल कागदावर जास्त खुजं आणि कमी लुकडं दिसतं. ट्रॅकरवरचं चित्र नेमकं तसंच आहे. हे एकमेव कारण आहे असं मी म्हणत नाही, पण तपासायला सर्वात सोपं आणि दुरुस्त करायला सर्वात स्वस्त कारण हेच आहे. मदतनीसाची जागा भरा, आणि दंडघेराची पट्टी सोबत वापरा. दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेला की सहा महिन्यांवरचं मूल सॅम, मग लांबी काहीही लिहिलेली असो. दोन्ही पायांवर सूज असेल तर मोजायचीही वाट बघायची नाही.

दुसरं कारण भीतीचं. काट्यावर दशांश दिसतात, पण काही रजिस्टरांत वजनं ओळीने 8, साडेआठ, 9 अशीच लिहिलेली असतात. काही मुलं दर महिन्याला न चुकता 200 ग्रॅम वाढतात. मूल असं वाढत नाही. सर्दी-तापात घटतं, बरं झालं की झपाट्याने भरतं. अशा नोंदी बघून ताईला खोटारडी म्हणणं सोपं आहे. पण एका आढावा बैठकीनंतर एका ताईंनी मला सांगितलं ते विसरता येत नाही: "मॅडम, सॅम दोन दाखवली तर दोन कागद मागतात. पाच दाखवली तर माझीच चौकशी." तिला मानधन तुटपुंजं, फोनला रेंज नाही, त्यात रजिस्टर वेगळं आणि ॲप वेगळं. 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले ते हौसेने नव्हे. फोन चालत नव्हते आणि ॲप मराठीत नव्हतं.

खरी मोजणी केल्यावर आकडा आधी वाढतोच. जिथे अचानक जास्त सॅम मुलं सापडली तिथल्या ताईचं काम चांगलं आहे, असं धरून चाललं पाहिजे. जाब विचारायचा असेल तर मूल सापडल्यावर पंधरा दिवसांत काय केलं, याचा विचारा.

तिसरी गोष्ट आपल्या कोकणाची. आपल्याकडचं वर्ष दिवाळी ते पाऊस आणि पाऊस ते दिवाळी असं दुभंगलेलं आहे. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांमध्ये नेपाळी राखणदारांची कुटुंबं त्याच काळात येतात, चिरेखाणींवर कर्नाटकातली. त्यांची लहान मुलं कुठल्या अंगणवाडीच्या पटावर असतात? ॲपमध्ये स्थलांतराची नोंद करायची सोय आहे, पण भट्टीवर जाताना कोण सांगून जातं? मग वाडीवर "अनुपस्थित" आणि भट्टीवर "आमच्या पटावर नाही" असं सहा महिने चालतं. परत येतात तेव्हा जून. रोजगार नाही, उचल फिटलेली असते किंवा नसते, पाणी गढूळ, हगवण सुरू. किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, बाजारात उरते ती सुकट आणि तीही महाग. वर्षातली सर्वात नाजूक वेळ हीच, आणि नेमक्या याच वेळी ते मूल आपल्या हाताशी आलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात परतलेल्या प्रत्येक मुलाची मोजणी आशा, नर्सबाई आणि सेविका अशा तिघींनी मिळून करावी. मागच्या तीन-चार वर्षांचे जुलै-ऑगस्टचे आकडे वाडीनिहाय काढले तर कुठल्या वाड्यांवर ग्राम बाल विकास केंद्र (गावातच कुपोषित मुलांना जादा आहार देणारं केंद्र) मे महिन्यातच मंजूर करून ठेवायला हवं, हे दिसेल. आज मूल सॅम निघाल्यावर प्रस्ताव जातो, आहार येईपर्यंत श्रावण संपतो. दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात मुलासोबत आईने दोन आठवडे राहायचं तर घरी दोन मुलं कोण बघणार, रोपणीचा रोज कोण देणार, हेही त्याच यादीसोबत ठरलं पाहिजे. ग्रामपंचायतीला उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कुंड्या आणि खुर्च्यांवर जाण्याऐवजी जुलै-ऑगस्टमधल्या मुलांच्या अंड्यांवर जाऊ शकतो, पण त्यासाठी सरपंचाच्या हातात वाडीची यादी हवी. एनएफएचएसने ते होणार नाही. त्यात जिल्ह्याचा एक आकडा मिळतो, आणि रायगडच्या सरासरीत पनवेलची सोसायटी आणि सुधागडची कातकरवाडी एकाच ओळीत बसतात.

आणि कुणीतरी बाहेरच्याने फेरमोजणी करायला हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा पोषण निरीक्षण विभाग 1972 पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत अशी स्वतंत्र पाहणी करत होता. 2015 मध्ये तो बंद झाला. जिल्ह्यातल्या मेडिकल, नर्सिंग, समाजकार्याच्या मुलांना शिकवून प्रत्येक बीटमधली थोडी मुलं आठवड्याच्या आत परत मोजली, तरी चूक कुठे होते ते कळेल. माझे विद्यार्थी यायला तयार आहेत.

हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. 1992 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली तेव्हा आपण सगळे हादरलो. 2005 मध्ये कुपोषणाविरुद्ध राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं, व्ही. रमणी त्याचे पहिले प्रमुख. पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भापासून दोन वर्षांपर्यंत, भर दिला गेला. 2012 च्या राज्य पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा 2005-06 च्या 39 टक्क्यांवरून 23 वर आलेला दिसला. याच राज्यात, याच अंगणवाड्यांमधून.

येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: गेल्या जुलैत आपल्या गावात सॅम किती, मॅम किती, त्यातली वाडीवरची किती, आणि प्रत्येकासाठी कुठल्या तारखेला काय केलं. मुलांची नावं मागू नका, ती जाहीर व्हायलाच नकोत. मिळालेलं उत्तर तालुक्याच्या नावासकट खाली लिहा. अलिबागचं मी मिळवते आहे, आलं की इथेच टाकते.