आशांना काम काय उरलंय म्हणे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "हल्ली सगळी बाळंतपणं दवाखान्यातच होतात. मग या आशा रस्ता कशाला अडवतात? काम तरी काय उरलंय त्यांना?" खाली धडाधड अंगठे. आशांच्या, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या मोर्च्यात यांची गाडी अडकली, तेवढंच दुःख. तिथे बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

बाळंतपणं दवाखान्यात होतात, मान्य. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते प्रमाण ८९ टक्क्यांच्या आसपास होतं. आणि पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं? जेमतेम ४२ टक्के. दवाखान्याची पायरी चढली, पण चीक काही पोटात गेला नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर काय होतं, ते मी मामेबहिणीकडे पाहिलंय. बाळ दोन किलोच्याही खाली. तरी लगेच घरी पाठवलं, कागदावर सगळं छान. घरी न्हाऊ घालणारी बाई तयारच. तेल, कढत पाणी, मग शेगडीची धुरी. आशाताई आली तर बहिणीच्या सासूबाई दारातूनच म्हणाल्या, बाळ झोपलंय, नंतर ये. ती ओट्यावर बसून राहिली. बाळ उठल्यावर तिने हात धुतले, त्याच्या पोटाला हात लावला, मग तळपायांना. "पोट गरम आणि पाय गार. अंघोळ बंद करा आता." घड्याळ धरून श्वास मोजले, झोळीच्या काट्यावर वजन केलं आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घातलं. सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

हे कुणी वातानुकूलित खोलीत बसून काढलेलं नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून तेच काम देशभरातल्या आशांकडे आलं.

२००५-०६ मध्ये आपल्या देशात हजार जिवंत जन्मांमागे ३९ बाळं महिन्याच्या आत जात होती, २०१९-२१ पर्यंत ती २५ वर आली. हे सगळं आशांमुळेच झालं असं मी म्हणत नाही. दवाखाने वाढले, गाड्या आल्या. आणि हो, घरी न जाता रजिस्टर भरणाऱ्या आशाही असतात. असतात! तुमच्या ऑफिसात नसतात का असले लोक?

पण जाणाऱ्यांतली बहुतेक बाळं पहिल्या आठवड्यातच जातात. आई त्याच आठवड्यात घरी आलेली असते. टाके दुखत असतात, झोप नसते आणि सल्ला द्यायला अख्खं गाव हजर. त्या घरात थर्मामीटर घेऊन दुसरं कोण येतं, सांगा.

बहिणीचं बाळ पुढच्या फेरीला दूध ओढेना. अंग सैल पडलेलं. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळते. त्यांनाही काय बोलणार, त्यांची स्वतःची दोन बाळं अशीच गेली होती आणि तेव्हा त्यांच्या दारात कुणीच आलं नव्हतं. ताईने वाद घातला नाही. रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन लावला आणि स्वतः गाडीत बसली. रक्तात जंतुसंसर्ग निघाला. एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात ठेवलं, वाचलं. आता शाळेत जातं आणि फार मस्ती करतं.

या कामाचे पैसे किती ठरले होते, माहितीये? दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा फेऱ्या, त्याही बेचाळीस दिवसांत, आणि सगळ्या पूर्ण झाल्यावर २५० रुपये. फेरीला ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तेही वेळेवर मिळावेत म्हणून उन्हात बसायचं, आणि वर आपण विचारायचं की काम काय उरलंय?

असो. तुमच्यापैकी कुणाकडे गावी बाळंतीण असेल तर एवढं करा, आशाताई आली की तिला आतल्या खोलीत जाऊ द्या. दारातून परत पाठवणाऱ्या सासूबाई माझ्याच नात्यात निघाल्या, तेव्हा तुमच्याकडेही असतीलच.