मिरर डिंगी आणि ‘कौटुंबिक’ शर्यती: ‘एक पुणेकर’ यांना उत्तर

‘एक पुणेकर’ यांस,

मिरर डिंगी या दोघांनी चालवायच्या छोट्या शिडाच्या होडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना, म्हणून ही वेगळी नोंद.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे. शिडाच्या होड्या हा इंग्लंडातल्या पैसेवाल्यांचा शौक आहे. आई किंवा बाप आणि मूल एका होडीत बसून जे करतात ती सहल, शर्यत नव्हे. मूल त्यात वजनापुरतं असतं. हँडिकॅप, म्हणजे होडीच्या वेगानुसार वेळेत फेरफार, लावून सगळ्यांना खूश ठेवलं जातं. आणि आता जोर ओसरलेल्या, साठ वर्षांपूर्वीच्या प्लायवूडच्या होडीचे मी गोडवे गाते आहे. इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या भाच्याला त्याच्या मुलासाठी ऑप्टिमिस्टच (मुलाने एकट्याने चालवायची छोटी होडी) घ्यायला सांगणार, असंही तुम्ही शेवटी म्हटलं आहे.

आधी पैशाचं. मिरर जन्माला आली तीच ज्यांना होडी परवडत नव्हती त्यांच्यासाठी. १९६२ साली जॅक होल्ट हा होड्यांचा डिझायनर आणि टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा बॅरी बकनेल यांनी मिळून ती तयार केली. पाठीशी ‘डेली मिरर’ हे कामगारवर्गात खपणारं वर्तमानपत्र होतं. होडीचं नाव आणि लाल शिडं तिथूनच आली. १९६३च्या लंडन बोट शोमध्ये ती लोकांसमोर आली तेव्हा किटची किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. प्लायवूडचे कापून आलेले तुकडे तांब्याच्या तारेचे टाके घालून एकमेकांना जोडायचे, सांध्यावर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन चढवायचं, की होडी उभी राहते. मुरलेला सुतार लागत नाही. लोकांनी गॅरेजमध्ये, अंगणात, काहींनी तर बैठकीच्या खोलीत या होड्या बांधल्या. डोलकाठी दोन तुकड्यांची असल्यामुळे सगळ्या काठ्या होडीच्या आतच मावतात आणि अख्खं बिऱ्हाड गाडीच्या टपावर चढतं. अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या झाल्या. आजही जुनी, चालती मिरर काही शे पौंडांत मिळते. एखादा शेजारी गॅरेज रिकामं करायचं म्हणून फुकटही देतो. आमच्या तलावावर येणाऱ्यांत बसचालक आहेत, नर्स आहेत, शाळामास्तर आहेत. मोठ्या याटवाल्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण त्यांचा आमच्या धक्क्याशी संबंध नाही.

आता ‘वजनापुरतं मूल’. हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण होडीत पुढे बसलेलं मूल काय करतं हे बाहेरून दिसतच नाही. मिरर आहे ३.३ मीटर लांब, नुसतं धड साधारण ४५ किलोचं. एवढ्या हलक्या होडीत पंचवीस किलोचं मूल वीतभर सरकलं तरी होडी कलते आणि वेग बदलतो. वारा पडलेला असेल तर त्याला पुढे, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, श्वास रोखल्यासारखं बसावं लागतं. झोत आला की पट्ट्यांत पाय अडकवून बाहेर झुकायचं. जिबची, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाची, दोरी त्याच्या हातात. वारा पाठीवर आला की डॅगरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात सोडलेली फळी) वर ओढायचा, स्पिनेकर या फुग्यासारख्या शिडाची काठी लावायची, आणि मार्क, म्हणजे वळसा घालायचा बोया, जवळ आला की हे सगळं उलट्या क्रमाने, वेळेत. शिवाय डोळे त्याचे. सुकाणू धरणारी मी शिडाकडे बघत असते. पाण्यावर झोताची काळी सुरकुती कुठून येते आहे, डावीकडून कोण घुसतो आहे हे पुढे बसलेली माझी लेक सांगते. चुकीचं सांगितलं तर जागा जाते. बरोबर सांगितलं तर मिळते. हा खेळ नाही तर काय?

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे मी मिररचा हा वर्ग (एकाच नमुन्याच्या होड्यांचा गट) इतका मनापासून धरून आहे. आमच्या शर्यतीत पाण्यावर शिट्टी फुंकणारा पंच नसतो. नियम मात्र कडक आहेत: मार्कपासून तीन होड्यांच्या लांबीत आत आलेल्याला जागा द्यायची, दुसऱ्याचा हक्क डावलला तर दोन गिरक्या घ्यायच्या, मार्कला होडी लागली तर एक. बघणारं कुणी नसलं तरी. गेल्या मोसमात आमच्या पुढे एक बाप आणि त्याचा नऊएक वर्षांचा मुलगा चालले होते. वाऱ्याकडच्या मार्कला वळताना होडीचा मागचा कोपरा बोयाला पुसटसा लागला. मी अगदी मागेच होते, तरी मला ते दिसलं नव्हतं. मुलगा म्हणाला, ‘डॅड, लागला.’ बाप एक क्षण गप्प. मग ‘ओके’ म्हणून त्याने होडी वळवली, टॅक केला (होडीचं नाक वाऱ्यातून वळवलं), जाइब केला (मागची बाजू वाऱ्यातून वळवली) आणि गिरकी पूर्ण केली. तोवर आम्ही दोन होड्या पुढे निघून गेलो. धक्क्यावर आल्यावर दोघांपैकी कुणी त्याचा विषयही काढला नाही. एकेकट्या होडीतही मुलं हे शिकतात, पण इथे आई-बापाला त्यांच्यासमोर ते करून दाखवावं लागतं, आणि तेही हरत असताना. याला सौम्य किंवा सोपं म्हणायला मी तयार नाही.

हँडिकॅपमध्ये खूश करण्यासारखं काहीच नाही, तो गुणाकार-भागाकार आहे. प्रत्येक वर्गाला एक आकडा असतो. लागलेल्या वेळेला हजाराने गुणून त्या आकड्याने भागायचं. मिररचा आकडा १४००च्या आसपास, लेझर या एकट्याने चालवायच्या वेगवान होडीचा ११००च्या. लेझरने ५६ मिनिटांत शर्यत संपवली आणि मिररने ७० मिनिटांत, तर हिशेबात लेझरची जवळपास ५१ मिनिटं आणि मिररची ५०. जिंकली मिरर. होडी संथ आहे हे मान्य करून माणसांची बरोबरी केली, एवढंच. संथ होडीला कुणी आपसूक जिंकवत नाही.

वर्गाचा जोर ओसरला, हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. टॉपर आणि आर.एस. फीव्हासारख्या प्लास्टिकच्या होड्या आल्या. त्यांना ना रंग लागतो ना सँडपेपर. क्लबांना त्या सोयीच्या पडतात. मला याची हळहळ वाटते. पण प्लायवूडला जुनाट म्हणू नका. मुंबईच्या समुद्रात १९८२च्या आशियाई स्पर्धेत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं ते फायरबॉल या वर्गाच्या होडीत, आणि फायरबॉलचं डिझाइनही १९६२चंच, घरी प्लायवूडमध्ये बांधता येईल असं, दोघांनी चालवायचं. तुमच्या खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या चालवतात, तेव्हा पुणेकराला हे सगळं परकं वाटू नये.

भाच्याबद्दल. मूल एकटं बसायला आसुसलेलं असेल आणि जवळच्या क्लबात ऑप्टिमिस्टचा ताफा असेल तर ती जरूर घ्यावी, चांगली होडी आहे. मूल पाण्याला बिचकत असेल, किंवा भाच्यालाही स्वतः शिकायचं असेल, तर मिरर बघावी. बघताना डॅगरबोर्डची पेटी तळाला जिथे मिळते तिथे आणि मागच्या फळीच्या खालच्या कडेला अंगठ्याने दाबून पाहायला सांगा. लाकूड दबलं तर सोडून द्यायची. हवेच्या टाक्यांची झाकणं उघडून आत पाणी किंवा कुबट वास आहे का तेही बघावं. शिडं जुनी असली तरी चालतील, पहिल्या वर्षी त्याने फरक पडत नाही.