विरळ हवेत विमान सहज उडतं म्हणे!

लेहला निघालेल्या माझ्या मावशीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि विचारलं, "खरंय का रे हे?" म्हणे लेहला हवा विरळ, म्हणून विरोध कमी, म्हणून विमान सहज उडतं आणि वळवणंही सोपं; जड असते ती दमट हवा. दुपारी फ्लाइट नसणं, सामान कमी करायला लावणं ही निव्वळ लूट. परदेशात असलं काही नसतं. शेवटी सल्ला: सामान उतरवायला सांगितलं तर अडून बसा.

मावशी, अजिबात अडून बसू नकोस.

विमानाला उचलते ती हवाच. ही उचल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) ठरते. लेहचा विमानतळ सुमारे १०,७०० फुटांवर. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण २८ टक्के विरळ. म्हणजे जे विमान मुंबईत ताशी २६० किलोमीटरला जमीन सोडतं, त्याला तेवढ्याच वजनानिशी लेहला ३०५ च्या आसपास वेग लागतो. त्यात इंजिनाला हवा कमी, म्हणून जोरही कमी. धावपट्टी काही लांबत नाही, मग वजनच उतरवावं लागतं. अमेरिकेच्या एफएएचं (तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेचं) वैमानिकांसाठीचं हँडबुक हेच सांगतं: विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि उचलही घटते. दुपारी ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते, खोऱ्यात वारे सुटतात. म्हणून बहुतेक विमानं सकाळी.

विरोध कमी, हे अर्धं खरं आहे, मान्य. ३५,००० फुटांवर इंधन वाचतं ते त्यामुळेच. पण तिथे विमान आधीच ताशी साडेआठशेने पळत असतं. धावपट्टीवर ते शून्यापासून सुरू होतं.

"विरळ हवेत वळवणं सोपं" हे तर धडधडीत खोटं. रडर, एलेरॉन (शेपटीवरच्या आणि पंखांवरच्या, विमान वळवणाऱ्या हलत्या झडपा) हेही हवेवरच रेटा देतात. तोच रेटा मिळवायला वेग वाढवावा लागतो. कॉकपिटमधला वेगाचा काटा समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो, म्हणून तो २६०च दाखवतो; प्रत्यक्षात विमान ३०५ ने चाललेलं असतं. तेवढंच कलवून वळवलं तरी वळणाचा घेर सुमारे ३८ टक्के वाढतो. आणि लेहला चहूबाजूंनी डोंगर आहेत!

दमट हवा जड असते, हेही उलटं. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी.

राहिलं परदेश. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्सला पारा ४८ अंशांच्या वर जाणार म्हणून लहान प्रादेशिक जेटची डझनावारी उड्डाणं रद्द झाली, कारण त्या विमानांची तापमानमर्यादाच तेवढी होती.