चाळकेवाडीच्या गिअरबॉक्सबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की मे महिन्याच्या रिपोर्टात आम्ही पवनचक्कीचा गिअरबॉक्स 'ठीक' म्हटला, ऐन जुलैत तो बसला आणि कंपनं मोजणाऱ्या आमच्या सेन्सरचे पैसे पाण्यात गेले. पहिली गोष्ट खरी आहे, चूक आमची आहे. ती कुठे झाली ते इथेच सांगतो, कारण पठारावरचे आमचे इतर ग्राहकही हे वाचतील.

तुमच्या पवनचक्कीची पाती मिनिटाला साधारण 16 फेरे घेतात. गिअरबॉक्स हाच वेग जनरेटरकडे 1500 च्या आसपास नेतो. आम्ही कंपनांची नोंद एका वेळी 10 सेकंदांची घ्यायचो. तेवढ्यात जनरेटरकडचा शाफ्ट अडीचशे फेरे मारतो, त्यामुळे तिकडच्या बेअरिंगला खड्डा पडला की आलेखात त्याचे ठोके ओळीने उठतात. पात्यांकडच्या शाफ्टचे मात्र तेवढ्यात तीन फेरेही पुरे होत नाहीत. तुमचं गेलेलं बेअरिंग याच मंद बाजूच्या प्लॅनेट गिअरमधलं, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकातलं. त्याचा ठोका मुळातच हलका, आणि दातांमधून सेन्सरपर्यंत येईस्तोवर तो आणखी विरतो. गिअरबॉक्स खोलल्यावर मी ते बेअरिंग हातात घेऊन पाहिलं. रोलरची साल निघाली होती, नख अडकेल एवढी. हे दोन-चार दिवसांतलं काम नव्हे. 'या बाजूचं आम्हाला नीट दिसत नाही' एवढं तरी रिपोर्टात लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही.

वर्षाची बहुतेक वीज जून ते सप्टेंबरमध्येच होते. त्यात मशीन बंद, आणि त्या वाऱ्यापावसात क्रेन लावता येईना, म्हणजे काय होतं हे मला ठाऊक आहे.

पैसे पाण्यात गेले हे मात्र पटत नाही. तुमच्याच दुसऱ्या मशीनच्या जनरेटरचं बेअरिंग फेब्रुवारीत याच सेन्सरांनी पकडलं. वारा सुरू व्हायच्या आत ते टॉवरवरच बदललं, क्रेनही लागली नाही.

मंद बाजूची नोंद आता आम्ही दोन मिनिटांची घेतो. तेलातल्या धातूच्या कणांची तपासणीही त्यासोबत होईल, आणि दर एप्रिलमध्ये गिअरबॉक्समध्ये कॅमेरा घालून दात आणि रोलर डोळ्यांनी पाहू. बंद पडलेल्या मशीनचं यंदाचं बिल लावणार नाही; भरलेली रक्कम परत करतो.

शनिवारी इंजिनिअरला घेऊन साइटवर येतो. जुनं बेअरिंग भंगारात देऊ नका, आलेख त्याच्याशेजारी ठेवून तुमच्यासमोर पाहायचे आहेत.