दार उघडं असतं का, ते आधी लिहा!

वाइन प्रदेशांची प्रवास-मार्गदर्शकं काढणाऱ्या प्रकाशनात संपादकाच्या खुर्चीत बसलं की माणसाला विशेषणांची ॲलर्जी होते. आज पुन्हा एक हस्तलिखित आलंय. 'मखमली', 'खानदानी', 'गूढ', 'उन्हात न्हालेलं'. एका पांढऱ्या वाइनच्या वर्णनात ओला दगड, लिंबाची साल, विझलेली काडी आणि लेखकाचं बालपण, सगळं एकाच परिच्छेदात कोंबलंय. आणि त्याच्याखाली चार ओळींची साधी माहिती हवी होती: तळघर कुठल्या वारी उघडं, किती ते किती, आधी कळवावं लागतं का, चाखायचे पैसे पडतात का. तिथे काय लिहिलंय? 'जाण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी.'

अरे बाबा, मग वाचकाने पुस्तक कशाला विकत घेतलं? चौकशी तू करून ठेवली असशील म्हणूनच ना!

हे एकट्याचं नाही. या विषयावर लिहिणाऱ्या बहुतेकांना जिभेवर काय झालं ते सांगायचं असतं. फोन उचलून 'मंगळवारी उघडं असतं का हो?' एवढं विचारायला मात्र सगळ्यांच्या जिवावर येतं. आणि या धंद्यात नेमकी तीच गोष्ट कामाची असते, कारण 'गेलो आणि बेल वाजवली' हे फार थोड्या ठिकाणी चालतं. फ्रान्समध्ये बोर्दोतल्या नावाजलेल्या बहुतेक शातोंमध्ये, म्हणजे मळा आणि हवेली असलेल्या वाइन-घरांमध्ये, वेळ घेतल्याशिवाय फाटकाच्या आत घेत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या नापात तर हा काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, नियमच आहे. १९९० नंतर परवाना मिळालेल्या वायनऱ्यांकडे आधी वेळ ठरवूनच जायचं. त्याआधीपासून लोकांसाठी खुल्या असलेल्यांना तेवढी सूट. म्हणजे एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी दोन फाटकं. एकात सरळ गाडी घालावी, दुसऱ्यात घातली तर गोड हसून परत पाठवणार. हा फरक पुस्तकात यायला नको? आमच्या लेखकाने दोन्ही नावांपुढे एकच शब्द ठेवलाय: 'अगत्यशील'.

फ्रान्समधल्याच बर्गंडीची गत तर आणखी निराळी. क्लो द वूझो हा भिंतीने वेढलेला एकच मळा, साधारण ५० हेक्टरचा, आणि मालक ८०च्या घरात. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळी. त्यातून निघणाऱ्या बाटल्या बऱ्याचदा बाजारात यायच्या आधीच बोललेल्या असतात. अशा छोट्या घरांमध्ये मालकच ट्रॅक्टर चालवतो, मालकच पिंपं धुतो. विकायला काही उरलेलं नसताना तो परक्या माणसासाठी दार का उघडेल? काहीजण उघडतात, प्रेमाने उघडतात. पण ते कोण, हे विचारल्याशिवाय कळत नाही. भिंतीच्या आतला जुना शातो बघता येतो, मात्र तिथे आता वाइन बनत नाही, हेही कुणी लिहीत नाही. वाचक बिचारा तिथे चाखायला मिळेल म्हणून जातो. हस्तलिखितात एवढंच: 'भिंतीच्या आत पाऊल टाकताच इतिहास बोलू लागतो.' इतिहास बोलतो हो, मालक बोलत नाही त्याचं काय?

इतिहास मात्र पोत्याने येतो. कारण इतिहासाला फोन करावा लागत नाही. बोर्दोच्या शातोंची १८५५ची प्रतवारी प्रत्येक हस्तलिखितात असतेच असते. ती त्या काळच्या बाजारभावांवरून केली, पुढे १९७३मध्ये मूतों-रोथशिल्द या शातोला दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत घेतलं, हे सगळं नीट सांगितलेलं असतं. सांगेलच, इतक्या वर्षांत त्यात बदललंय काय? एकदा लिहा आणि जन्मभर उतरवत राहा. शॅम्पेनवर लिहिलं की डॉम पेरिन्यों येणार आणि त्याने बुडबुड्यांचा शोध लावल्याची दंतकथा येणार. १७१५मध्ये वारलेल्या त्या भल्या माणसाला कुणीतरी आता मोकळं करा. तो ओव्हिलेच्या मठातला कोठारी होता, फसफसणाऱ्या वाइनचा शोधक नव्हता. मी दरवेळी खोडते, दरवेळी समासात 'वाचकांना आवडतं' म्हणून टीप येते. वाचकांना रविवारी बंद दार आवडत नाही, ते कुणी समासात लिहीत नाही.

'भेटीला उत्तम काळ' या चौकटीने तर माझं डोकंच फिरतं. सप्टेंबर! सगळ्यांचं एकमुखाने सप्टेंबर! का? तर द्राक्षतोडणी असते, वातावरण भारलेलं असतं. असतं ना, पण ते त्यांच्यासाठी. घरात लग्न आणि मांडवात पाहुणे खोळंबलेले असताना कुणी येऊन 'जरा घर दाखवता का' म्हणावं, तसं आहे हे. तोडणीच्या दिवसांत माणसं अंधारात उठतात, टाक्या रात्री-बेरात्री बघाव्या लागतात, रस्त्यावर द्राक्षांचे ट्रेलर, हॉटेलं भरलेली. कित्येक छोटी घरं त्या आठवड्यांत पाहुणे सरळ बंद करतात. निवांत बोलायचं असेल तर मे-जूनमध्ये जावं, माणसं भेटतात. शिवाय या लोकांना पृथ्वीला दक्षिण गोलार्ध आहे याचाही विसर पडतो. एका हस्तलिखितात दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशची तोडणी बघायला ऑक्टोबरमध्ये जायचा सल्ला होता. तिथे तोडणी साधारण जानेवारीअखेर सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. ऑक्टोबरमध्ये वेलीवर कोवळी पालवी असते. काय तोडणार, डोंबल?

नावांच्या गोंधळाबद्दल थोडक्यात, नाहीतर रात्र इथेच सरेल. पुयी-फ्युमे ही फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची वाइन, सोव्हिन्यों ब्लांक द्राक्षाची. पुयी-फ्युइसे बर्गंडीच्या दक्षिणेला माकोंजवळची, शार्दोने द्राक्षाची. दोन वेगळ्या गावांच्या, दोन वेगळ्या द्राक्षांच्या वाइन. त्या एकाच दिवसाच्या सहलीत बसवणाऱ्याने निदान नकाशा उघडून बघायला हवा होता. 'व्हिनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो'मधलं मोन्तेपुल्चानो हे इटलीच्या टस्कनीतलं गाव, आणि वाइन मुख्यतः सांजोवेसे द्राक्षाची. मोन्तेपुल्चानो नावाचं द्राक्ष निराळं, ते अब्रुत्सोकडे भेटतं. वाइनवर लिहिणाऱ्याला हे मी सांगायचं?

आता गाडीचा विषय. 'एका दिवसात पाच वायनऱ्या' हा नमुना कार्यक्रम प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी असतो, सोबत वळणावळणाच्या रस्त्याचा नकाशा आणि पेट्रोल पंपाची खूण. जरा हिशेब करू. एका ठिकाणी सहा वाइन, प्रत्येकी ५० मिली. झाले ३०० मिली. गुणिले पाच, दीड लिटर. म्हणजे दोन अख्ख्या बाटल्या एका माणसाच्या पोटात, आणि हा माणूस संध्याकाळी घाटातून गाडी हाकत मुक्कामी पोचणार. हाच कार्यक्रम हंगेरीतल्या तोकायच्या प्रकरणातही होता. हंगेरीत गाडी चालवणाऱ्याला दारूची मर्यादा शून्य आहे. शून्य! एक घोटसुद्धा चालत नाही. फ्रान्समध्ये रक्ताच्या एका लिटरमागे ०.५ ग्रॅम, तेही पाचवी वायनरी येण्याच्या किती आधी ओलांडलेलं असेल ते सांगायला नको.

यावर उपाय साधा आहे, तोंडात घोळवा आणि थुंका. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं. दिवसभर चाखणारी व्यावसायिक मंडळी थुंकतात, यजमानाला त्यात अपमान वाटत नाही. हे एक वाक्य पुस्तकात घाला म्हटलं, तर लेखकाला ते 'अरसिक' वाटलं. आगगाडीचं लिहा म्हटलं तर 'प्रवासाची मजा जाते'. अहो, पोर्तुगालमध्ये पोर्तूहून पोसिन्योपर्यंत जाणारी गाडी मैलोन् मैल दोरू नदीच्या काठाकाठाने धावते, पिन्याऊं स्टेशनच्या भिंतींवर तोडणीची चित्रं रंगवलेल्या फरश्या आहेत. पॅरिसहून शॅम्पेन प्रदेशातल्या रेंसला जलदगाडी पाऊण तासात टाकते. एपर्नेला उतरलं की शॅम्पेनच्या मोठ्या घराण्यांचा रस्ता स्टेशनपासून पायी गाठता येतो. यात कुठली मजा जाते? लेखकाची जात असेल, कारण त्याला गाडी फुकट मिळाली होती.

हो, फुकटचं बोलायचं राहिलंच. एका प्रदेशाच्या प्रचार कार्यालयाने लेखकाला बोलावलं, ठेवून घेतलं, खाऊ-पिऊ घातलं, चालकासकट गाडी दिली. असू दे, आम्ही देतो त्या मानधनात कुणी स्वखर्चाने फिरणार नाही, हे मलाही कळतं. पण मग निदान डोकं तरी स्वतःचं चालवा! प्रकरणातली वायनऱ्यांची यादी आणि त्या कार्यालयाची कार्यक्रमपत्रिका शेजारी ठेवून पाहिली. नावं तीच. एवढंच नाही, क्रमही तोच. सकाळची पहिली, दुपारच्या जेवणाची दुसरी, संध्याकाळची तिसरी. जेवणाच्या ठिकाणाला सगळ्यात लांब परिच्छेद, आणि कार्यक्रमपत्रिकेत 'वेळ मिळाल्यास' म्हणून टाकलेल्या वायनरीला एक ओळ. वेळ मिळाला नसणार.

दुसऱ्या बाजूने वायनऱ्यांचे ईमेल. आमच्यावर अर्धंच पान आहे, पूर्ण करायचे किती घ्याल? घेत नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी निरोप: मग आमचे फोटो वापरायचे नाहीत. उघडायच्या वेळा विचारायला केलेल्या ईमेलला त्याच पत्त्यावरून कधी उत्तर आलेलं नाही, हे वेगळं.

आणि आमचं कार्यालय! पुस्तक छापलं जातं १६ पानांच्या फर्म्यात. दोन पानं वाढली तरी अख्खा फर्मा वाढतो, कागद वाढतो, बाइंडिंगचा खर्च वाढतो. तेव्हा शेवटच्या दिवशी काहीतरी कापावंच लागतं. काय कापतात? वेळांचा तक्ता. सूर्यास्तापुढे धरलेल्या ग्लासचा दोन पानी फोटो राहतो, कारण त्याने म्हणे पुस्तक हातात घ्यावंसं वाटतं. जर्मनीतल्या मोझेल नदीखोऱ्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काळ्या द्राक्षांचा घोस होता. मोझेल! जिथलं नाव घेतलं की पहिली आठवते ती रीसलिंग द्राक्षाची वाइन, तीही पांढरी. मांडणी करणारा म्हणाला, 'हिरवी उठून दिसत नाहीत.' त्याच्याशी वाद घातला, मुखपृष्ठ बदललं, आणि त्या गडबडीत आतल्या नकाशावरचं एक गाव नदीच्या चुकीच्या काठाला गेलं. मोझेल नागमोडी आहे हो, पूल कुठे आहे ते बघावं लागतं, नाहीतर समोर दिसणाऱ्या गावाला मैलभर वळसा.

वर सगळ्यांचं ठरलेलं पालुपद, 'इंटरनेटवर असतं की सगळं!' काय असतं? गेल्या हंगामाच्या वेळा असतात. भरून पाठवला तर कुठे जातो ते कुणालाच माहीत नाही असा अर्ज असतो. नकाशावरची खूण वेलींच्या मधोमध पडलेली असते, तळघर गावात चर्चच्या मागे. म्हणून तर कुणीतरी फोन करून, जाऊन, दार ढकलून बघायचं असतं. फ्रान्समधल्या गावांत फोन करायचा तर बारा ते दोन सोडून करा, लोक जेवायला गेलेले असतात. आमचे लेखक नेमके तेव्हाच करतात आणि 'प्रतिसाद मिळाला नाही' असं कळवून मोकळे होतात.

आता वरून हुकूम आलाय की जुन्या पुस्तकाची 'सुधारित आवृत्ती' काढायची. सुधारलं काय? मुखपृष्ठ आणि साल. आतला मजकूर तसाच. बोर्दोतल्याच सेंत-एमिलियोंच्या चौकटीत सर्वोच्च श्रेणीत अजून चार शातो ठाण मांडून आहेत. ती प्रतवारी १८५५च्या यादीसारखी गोठलेली नाही, साधारण दर दहा वर्षांनी नव्याने होते. २०२२च्या यादीआधीच ओझोन, शव्हाल ब्लां आणि आंजेल्युस बाहेर पडले, आणि त्या श्रेणीत आता पावी आणि फिजाक, दोनच नावं आहेत. स्पेनमधल्या रिओहाच्या नकाशावर अजून 'रिओहा बाहा' आहे, ते २०१८मध्ये 'रिओहा ओरिएंताल' झालं. हे सगळं मी लाल शाईने लिहून दिलं. उत्तर आलं की नकाशा पुन्हा करायला पैसे नाहीत, मात्र लेखकाची प्रस्तावना दोन पानांनी वाढतेय, ती बसवा.

वाचकांची पत्रं माझ्याच टेबलावर येतात. परवा एका बाईंनी फोटो पाठवला, कुलूप लावलेलं लोखंडी फाटक, पुढे त्या स्वतः, हातात आमचं पुस्तक, बोट नेमकं 'अगत्यशील'वर. मी तो जसाच्या तसा लेखकाला धाडला. त्याचं उत्तर आलं: 'फाटक फार सुरेख आहे, पुढच्या आवृत्तीत दोन पानी लावता येईल का?'